ठमीचा रॉड

सुई टोचली ठमीला आणि दचकली नेत्रा. दर मंगळवारी कामावर जायच्या आधी सासूची साखर तपासायची हा नेत्राचा नेम. अलिबागच्या एका लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या बोटांतून रक्तच काढते, तेव्हा घरचं एक बोट तिला काही जड नव्हतं. ठमी ओट्याला टेकून उभी, उजवा हात सुनेच्या हातात, डोळे गॅसवरच्या चहाकडे आणि तोंड नेहमीसारखं चालू. खालच्या मजल्यावरच्या बाईने काल आणलेली घोळ मासळी म्हणे इतकी शिळी होती की मांजराने ती बघितली आणि उपास धरला. कुठला उपास, तर चतुर्थीचा. मांजर आता दूधसुद्धा चंद्र बघूनच पितं. एवढं सांगून ठमीने सुनेच्या हसण्यासाठी जागा सोडली. हसू आलं नाही. नेत्राने मधलं बोट सोडून शेजारचं धरलं होतं, मग अंगठ्याजवळचं, आणि आता ती बोटांकडे बघत नव्हती, सासूच्या तोंडाकडे बघत होती.

"आई, मी आत्ता काय केलं?"

"काय केलंस? सुई शोधतेस अजून. आटप, चहा उतू जाईल."

"तीन वेळा टोचली."

ठमीने खाली पाहिलं. तीन बोटांवर लाल लाल तीन थेंब उभे होते. कुणा दुसऱ्याच्या हाताला कुंकू लागलेलं दिसावं तसे दिसत होते. तिने बोटं तोंडात घालून ते पुसले. चव मात्र तिच्याच रक्ताची लागली.

"मग? त्यात काय झालं? माझ्या बापाच्या तळहातातून शिंगाला माशाचा काटा आरपार गेलेला. रडला का तो? त्याच काट्याला कंदील अडकवला नि खाडीतून चालत घरी आला, दोन्ही हात मोकळे."

एरवी नेत्रा विचारते, काटा ज्या हातात तो हात मोकळा कसा? मग ठमी सांगते, तीच तर गंमत आहे, आणि गोष्ट आणखी एक कोस पुढे जाते. आज नेत्राने गॅस बंद केला. "कधीपासून कळत नाहीय तुम्हाला?" म्हणाली. साखरेने बोटांच्या टोकाच्या नसा मरतात, रोज बघते मी. गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊ. आणि ते मासे धरायच्या रॉडचं काम आजपासून बंद.

"रॉडनं काय केलं तुझं?"

"तुम्ही ब्लेडनं दोरे कापता, आई. बोट कापलं तर रक्त बघून कळायचं तुम्हाला."

"बघून कळलं तरी कळलंच ना?"

"आई."

एवढंच. नेत्रा ओरडत नाही, हाच तिच्यातला वाईट गुण. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. सुजित, म्हणजे ठमीचा मुलगा, उरणला कंटेनरच्या यार्डात असतो, शनिवारी घरी येतो आणि ओरडतो. त्याला ठमी दोन वाक्यांत गार करते. ही पर्स खांद्याला लावते, चपला घालते, आणि दारातून हळू आवाजात म्हणते, "मी दुपारी जेवायला येते. तोवर ब्लेडला हात नका लावू, माझी शपथ आहे." आणि जाते. घरात चहाचा वास आणि ती शपथ, दोन्ही तसंच पडून राहतं.

ठमीने मग घरातल्या वस्तूंना हात लावून बघायला सुरुवात केली. ओट्याची कडा. पदराचा काठ. भिंत. भिंत आहे एवढं कळत होतं, खडबडीत की गुळगुळीत ते डोळ्यांनी सांगितल्यावर कळत होतं. तांदळाच्या डब्यात हात घातला तर हात थंड झाला, पण दाणे मोजून मिळेनात; नुसतं काहीतरी भरलेलं, जसं हातमोजा घालून दुसऱ्याच्या खिशात हात घालावा. मग तिने बरणीतलं खडं मीठ चिमटीत धरलं आणि तिथे ती थांबली. तिची आई सगुणा उरणच्या मिठागरात फळी ओढायची, आणि मीठ तयार झालं की नाही हे मुकादमाच्या आधी सगुणाला कळायचं. वाकायची, चिमूटभर उचलायची, अंगठा फिरवायची आणि म्हणायची, आज न्हाय, अजून दोन उन्हं पायजेत. मुकादम चिडायचा आणि दोन उन्हं थांबायचा. सात वर्षांची ठमी बाजूला उभी राहून तशीच चिमूट उचलायची. दाण्याला कोपरे असतात. कोवळ्या मिठाचे कोपरे बोटाला चिकटतात, तयार मिठाचे टोचतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बोटांना आपोआप आलं होतं, जसं पायांना बांधावरून चालणं येतं. आता ती अंगठा फिरवत राहिली. मीठ चिकटेना की टोचेना. तिने डोळे मिटले, जोर लावला, आणि डोळे उघडले तेव्हा चिमटीतलं मीठ केव्हाच सांडून गेलेलं होतं आणि ती नुसतंच बोट बोटावर घासत उभी होती.

मग ती गॅलरीत गेली. गॅलरी म्हणजे तिचा कारखाना. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर कार्बनच्या काळ्या नळ्या, डब्यांत गळाची दोरी ओवायच्या कड्या लहानमोठ्या, रंगीत नायलॉन दोऱ्यांच्या रिळांची माळ, आणि कोपऱ्यात गणपतीच्या मखरातल्या फिरत्या चक्राची मोटर. त्या मोटरीवर दोऱ्यांवर वाळून कडक होणारा रस लावलेला रॉड रात्रभर हळूहळू फिरतो, म्हणजे रस एका बाजूला ओघळत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मोटर देवाची, बाकी वर्षभर ठमीची. नळी दुकानात मिळते, कड्या मिळतात, रस बाटलीतून मिळतो. पैसे असले की कुणीही आणून एकावर एक बांधावं. पण प्रत्येक नळीला एक हट्टी बाजू असते. कार्बनचा कागद गुंडाळताना जिथे कडेवर कड येते तिथे नळी जरा ताठ होते, वरून दिसत मात्र नाही. ठमी त्याला कणा म्हणते. नळीचं एक टोक जमिनीला, दुसरं डाव्या हाताच्या बोटांवर, मधे उजव्या हाताने दाबायचं आणि नळी सावकाश गोल फिरवायची. फिरता फिरता एका जागी ती उडी मारते. साध्या नळीची उडी आंधळ्याला दिसेल. चांगल्या नळीची केसाएवढी, ती फक्त बोटाच्या टोकाला कळते. कड्या त्या कण्याच्या ओळीत बसवल्या तर मोठा मासा लागल्यावर रॉड वाकतो आणि वाकतच राहतो. ओळ चुकली तर तो हातात पिळतो, आपल्या हट्टाकडे वळतो, आणि मासा जातो. अलिबागेतून, थळहून, पार रेवदंड्याहून लोक दुकानातला चकचकीत रॉड सोडून तिच्या दोन जिने वरच्या गॅलरीत येत ते या केसाएवढ्या उडीसाठी. बोटं गेली म्हणजे ती उडी गेली. बाकी राहिली नळीला कड्या बांधणारी एक म्हातारी.

तिने खुंटीवरची एक नळी काढली आणि बोटांवर टेकवून फिरवली. एक फेरी. दोन. नळी गुळगुळीत फिरत राहिली, कुणी बोलावलं तरी वळून न बघणाऱ्या माणसासारखी. आणि ठमीला वाईट वाटायच्या ऐवजी आधी भीती वाटली, कारण हे तिला नवीन नव्हतं. दिवाळीनंतर केलेल्या रॉडांच्या वेळी असंच झालं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, आली बघ उडी, इथेच आहे. मोठ्याने म्हणाली होती, गॅलरीत एकटी असताना. आणि खडूने खूण केली होती. बोटांनी तिला काही सांगितलंच नव्हतं. तोंडाने बोटांना सांगितलं होतं, आणि बोटं गरीब बिचारी हो म्हणाली होती.

हे तिला सोसेना. तोंडाचं काय, तोंडाने ती तीस वर्षं थापा मारत आली होती आणि तिला त्याची लाज नव्हती. लग्न होऊन ती करंज्याहून रेवसला तरीच्या लाँचमधून आली तेव्हा खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलं, मग एका जिताडा माशाने दोर तोंडात धरून अख्खं वऱ्हाड ओढत नेलं आणि मुहूर्ताच्या तासभर आधी थळला पोचवलं. ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की आता तिला जिताड्याची शेपटी आठवायची, हिरव्या शालूवर उडालेलं पाणी आठवायचं, नवऱ्याच्या मुंडावळ्या वाऱ्यावर कशा मागे उडत होत्या ते आठवायचं. खरं काय झालं होतं? बहुतेक तिला तरीत उलटी झाली होती. बहुतेक शालू हिरवा नव्हता. त्या जागी आता फक्त जिताडा होता. असं एकेक करून तिचं आयुष्य माशांनी, कंदिलांनी आणि उपास करणाऱ्या मांजरांनी खाऊन टाकलं होतं, आणि ती म्हणायची, खाऊ दे, खरं तरी कुठे एवढं चवदार होतं? कारण तिला एक खात्री होती. रॉड खोटा नव्हता. तोंड काहीही बोलो, हातातून जे बाहेर जातं ते सरळ जातं. आता कळत होतं की दिवाळीपासून ते तोंड हळूच मनगटातून खाली उतरून हातातही जाऊन बसलं होतं.

दारावरची बेल वाजली तेव्हा एक वाजून गेला होता. कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत दिनानाथ आला होता. दिनानाथ कोर्टात बेलीफ. आठवडाभर लोकांच्या दारी नोटिसा घेऊन जायचं आणि तोंडावर दार आपटून घ्यायचं हा त्याचा धंदा, म्हणून रविवारी थळच्या खडकांवर जाऊन उभा राहतो, तिथे कुणी दार लावत नाही. काखेत त्याने कापडी पिशवीतला रॉड धरला होता, दोन तुकड्यांचा, स्कूटरवर नेता यावा म्हणून ठमीनेच तसा केलेला. दिवाळीनंतरचा.

"काकी, रागावू नका," तो चपला काढता काढताच म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलंय."

"आत तर ये. पाणी पी. काय चुकलं?"

त्याने पाणी घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "परवा जिताडा लागला. तीन वर्षं उभा राहतोय, काकी, पहिल्यांदा. दोनदा पाण्याबाहेर उडाला, एवढा." ग्लास धरलेलाच हात त्याने लांब केला आणि पाणी सांडलं. "रीळ गरम झालं. मग तो खडकाकडे वळला, मी रॉड उचलला, आणि रॉड हातात पिळला. असा. मूठ फिरली, दोरी सैल पडली, गेला. मी तिथेच बसलो हो. रडलो पण असेन, कुणी बघत नव्हतं." तो ओशाळा हसला. "तुमच्या रॉडमध्ये काही चूक नसणार. माझी मूठच चुकते. धरायची कशी ते जरा दाखवा."

ठमीने त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि शाळेतल्या पोरासारखा छडी खायला हात पुढे करून बसलेला.

"पाठ कसली होती त्याची?" ती म्हणाली.

"काळपट."

"सोनेरी झाक होती का?"

"होती... बहुतेक. उन्हाची असेल."

"उन्हाची न्हाय. दिना, तो जिताडा नव्हता रे. म्हणजे होता, पण साधा नव्हता. तो त्या खडकाखालचा म्हातारा. माझ्या सासऱ्याला लागलेला तोच. त्याला सगळ्या गऱ्या माहीत हायेत. लागला की तो ओढत न्हाय, तो स्वतःभोवती फिरतो, चक्रीसारखा. सासऱ्याची होडी त्यानं तीनदा गोल फिरवली, सासरा उतरल्यावर आठवडाभर घराचं दार शोधत फिरत होता. त्याच्यापुढं मूठ कुणाची टिकणार?"

"खरंच?" दिनानाथचा चेहरा उजळला. खांदे वर आले. आता तो पाणी प्यायला.

अजून एक वाक्य पुरे होतं. तो खुश होऊन जाईल, कोर्टात सांगेल, म्हाताऱ्या जिताड्याने पीळ घातला म्हणून, आणि उद्या आणखी कुणाचा रॉड पिळला तर तोही म्हणेल, त्यालाही म्हाताराच लागला असणार. एका गोष्टीत दिवाळीपासूनचे सगळे रॉड झाकले जात होते. आणि गोष्ट चांगली होती, तो सासरा दार शोधत फिरतो ते तर तिचं तिलाच आवडलं होतं. पण ती जिभेवर घेतल्यावर ठमीला तिचा आकार जाणवला. लहान होती. जिताड्याने वऱ्हाड ओढलं ही थाप आभाळाएवढी, तिच्यात कुणीही राहायला यावं. ही मात्र एका माणसाच्या मापाची होती, एक चूक झाकण्यापुरती कापलेली. आणि त्या मापाचा माणूस तिला ठाऊक होता. अंबाजी, तिचा नवरा, उरणच्या बंदरात ट्रक न्यायचा. तिथल्या एका गोऱ्या खलाशाने त्याला मोडका रॉड दिला. अंबाजीने तो महिनाभर उशाशी ठेवला आणि कुणी हात लावला तर खेकसला. तो खेपेला गेला असताना ठमीने कड्या सोडल्या, शिवणकामाचा दोरा घेतला, नळी बोटांवर फिरवली, आणि नळीने उडी मारली. चौतीस वर्षांची होती ती. चुलीवर भात लागला तरी ती नळी फिरवत बसली होती, कारण मिठानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या बोटांशी बोललं होतं. अंबाजी परत आला, रॉड वाकवून बघितला, पुन्हा उशाशी ठेवला. संध्याकाळी ओटीवर चार माणसं जमली तेव्हा ठमी आत दोरा गुंडाळत होती आणि बाहेर तो म्हणाला, मीच बांधला. बायको जरा दोरा धरते. अकरा वर्षं मग लोक अंबाजीचा रॉड न्यायला यायचे. कधी एखादा रॉड मोडून आला तरी अंबाजीच म्हणायचा, माझा हात चुकला असेल. चूकसुद्धा तिला मिळाली नाही. त्या ओटीमागे बसूनच ती थापा मारायला शिकली. तो एवढीशी बोलतो काय, मग मी एवढी मोठी बोलीन की त्याची त्यात बुडून जाईल. तो गेला तेव्हा लोक भेटायला आले आणि म्हणाले, माणूस गेला, आता असा रॉड कोण करणार? आणि ठमी हसली. मयताच्या घरात, पांढऱ्या कपाळाने, पदर तोंडात कोंबून हसली. बायकांना वाटलं हुंदका आहे. तेराव्यानंतर तिने पहिला रॉड विकला, आणि मुठीवर लाल दोऱ्यात तीन फुल्या घातल्या, कुणी विचारलं तर सांगायला की ही माझी खूण.

"थांब दिना," ती म्हणाली. "खोटं हाय ते."

"म्हातारा ना? ते कळलं हो काकी," दिनानाथ हसत म्हणाला, "पण ऐकायला बरं वाटलं."

"म्हातारा खोटा, म्हणून न्हाय सांगत. रॉड चुकलाय. कणा एकीकडं, कड्या एकीकडं. तुझी मूठ चांगली हाय. माझी बोटं मेलीत."

तो हसायचं थांबला नाही, त्याला वाटलं हीदेखील गोष्टच. मग तिने त्याच्यापुढे आपले दोन्ही हात धरले, उताणे, आणि तो हळूहळू हसायचा थांबला. मधल्या बोटावर सकाळचं रक्त काळं होऊन बसलं होतं.

"राहू द्या मग, काकी," तो म्हणाला. "आहे तसा चालेल मला. लहान मासे मारीन."

लहान मासे. ठमीच्या डोक्यात काहीतरी तडतडलं. नेत्राची शपथ गोड होती, हा तिच्याहून गोड. दोघं मिळून तिला मऊ गादीवर बसवून दार लावून घेणार होते. "लहान मासे तुझा बाप मारील," ती म्हणाली. "वरचा तुकडा काढ. ते ब्लेड घे. मला शपथ हाय, तुला न्हाय. सगळे दोरे काप."

"मी?"

"नोटीस देतोस ना लोकांना? ह्याला दे."

दिनानाथ गॅलरीत खाली बसला, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, आणि जीव मुठीत धरून कापू लागला. तीन वर्षांनी ज्याला जिताडा लागला तो रॉड स्वतःच्या हाताने सोलायचा म्हणजे कठीणच. ठमी पाटावर बसून सांगत होती, कडीच्या पायावर धर, आडवं न्हाय, उभं, नळीला लागू देऊ नको. वाळलेला रस कटकट तुटत होता, निळ्या दोऱ्याचा भुगा उन्हात उडत होता. एकेक कडी टोपलीत पडली. उघडी नळी हातात आल्यावर ठमीने बोटांवर घेऊन फिरवली. काही नाही. मनगटावर घेतली. कोपराच्या आतल्या बाजूला घेतली. तिथे काहीतरी होतं, पण कुणीतरी शेजारच्या घरात बोलतंय तेवढंच. नळी सरकून खाली पडली आणि दिनानाथने तिच्याकडे न बघायचं ठरवलं.

तेवढ्यात तिचा वरचा ओठ खाजला. तिने हाताने ओठ झटकला. पुन्हा खाजला. दोऱ्याचा एक तंतू, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, ओठावर येऊन बसला होता आणि वाऱ्याने हलत होता. ठमीने तो काढला, डोळ्यांपुढे धरला. डोळ्यांना तो दिसतही नव्हता नीट.

ओठाला मात्र तो कळला होता. मग तिने नळीचं एक टोक पायाच्या दोन बोटांत रोवलं, वरचं टोक नाकाखाली, ओठावर टेकवलं, मधे हाताने दाब दिला आणि फिरवू लागली.

"काकी, काय करताय?"

तिने उत्तर दिलं नाही. देता येईना. ओठ हलला की नळी हलत होती. बोलायचं नाही, हसायचं नाही, श्वाससुद्धा नाकातून हळू. कळत्या वयात तिचं तोंड इतकं गप्प कधी बसलं नव्हतं, आणि ते गप्प बसल्यावर आत काय उरतं याची तिला जरा धाकधूक होती. आत काहीच नव्हतं. नळीचा थंडपणा होता, तिचा फिरणारा गुळगुळीतपणा होता, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. एक फेरी. दोन. मिठागराचं पांढरं ऊन, आईची वाकलेली पाठ. तीन. तरीत कुणीतरी ओकत होतं, आणि शालू लाल होता, हो, लालच होता, मावशीचा, मागून आणलेला. चौथ्या फेरीला नळीने ओठावर टिचकी मारली.

तिने डोळे मिटून पुन्हा फिरवली. तिथेच. पुन्हा. तिथेच. बोटाने खुणावून तिने दिनानाथला खडू घेऊन बोलावलं आणि दाखवलं, इथे रेघ. त्याने मारली. तिने ती पुसायला लावली, नळी उलटसुलट करून पुन्हा लावली, आणि पुन्हा रेघ मारायला लावली. नऊ वेळा. नऊच्या नऊ वेळा रेघ एकाच जागी आली. जुन्या कडीचे डाग तिथून बोटभर लांब होते. दहाव्या वेळी दारात नेत्रा उभी दिसली, पर्स खांद्याला, डोळे मोठे, आणि ठमीला हसू फुटलं आणि नळी नाकात गेली.

"आई! हे काय चाललंय?"

"ब्लेड मी लावलेलं न्हाय," ठमी नाक चोळत म्हणाली. "ह्याला विचार. सरकारी माणूस हाय, खोटं बोलणार न्हाय."

दिनानाथने मान डोलावली आणि ब्लेड पाठीमागे लपवलं. नेत्रा खाली बसली. तिने रेघ बघितली, जुना डाग बघितला, सासूचा वरचा ओठ बघितला. तिथे काळ्या नळीची एक बारीक आडवी खूण उमटली होती, मिशीसारखी. काहीतरी बोलणार होती ती, कामाचं, शहाणपणाचं. ते तिच्या तोंडावर आलेलं दिसतही होतं.

"गुरुवारी डॉक्टरकडं येते मी," ठमी आधीच म्हणाली. "गोळ्या खाईन. साखर सोडीन, चहात मीठ घालून पिईन. ब्लेड तू लाव, न्हायतर दिना लावील, न्हायतर जो रॉड मागायला येईल तो लावील. पण बंद न्हाय. बोटं मेली म्हणून मी मेले न्हाय."

"आणि ओठ गेला तर?"

"मग बघू. अजून पुष्कळ कातडी हाय माझ्या अंगाला."

नेत्रा हसली नाही. हात पुढे करून तिने दिनानाथकडून ब्लेड घेतलं, कागदात गुंडाळलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं, सुयांच्या डबीशेजारी. नेत्राकडून हो एवढंच मिळतं, हे ठमीला ठाऊक होतं.

दिनानाथ निघायच्या तयारीत होता. जाता जाता म्हणाला, "काकी, कुणी विचारलं तर मी सांगतो, खडकावर आपटला म्हणून दुरुस्तीला दिलाय. तुमचं नाव नको मध्ये."

"नाव नको?" ठमी पाटावरून उठली, गुडघे कडाडले. "अकरा वर्षं नव्हतं मध्ये. सांग, ठमीनं चुकवला. कोर्टात सांग, बाजारात सांग. रॉड ठमीचा, तर चुकवायला दुसरं कोण येणार? नेत्रा, तुझा फोन दे. न्हाय, तूच लाव. दिवाळीपासून आणखी चार गेलेत. पहिला त्या उरणच्या प्रज्योतला."

नेत्राने नंबर शोधला, लावला, आवाज मोठा केला. पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"प्रज्योत, ठमी बोलते. तुझा रॉड परत आण. मी तो चुकवलाय."

पलीकडे खदाखदा हसणं. "आजी! सकाळपासून कुणी भेटलं नाय काय? ओ, या रे इकडे, आजीचा फोन हाय, गोष्ट हाय. बोला आजी, काय झालं रॉडला? रात्री उठून पोहायला गेला काय?"

"गोष्ट न्हाय. कणा चुकलाय. मोठा मासा लागला तर हातात पिळेल."

पलीकडे आता चारपाच जण हसत होते. कुणीतरी विचारलं, पिळून काय, चटणी करतो काय? ठमीने फोन सुनेच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. हातात फोन आहे हे तिला बघूनच कळत होतं. तोंडाशी धरून ती थांबली, त्यांचं हसू सरेपर्यंत. आयुष्यभर तिने लोकांच्या हसण्यासाठी जागा सोडली होती, आणखी थोडी सोडायला हरकत नव्हती. पण ते सरेना.

"हसा," ती म्हणाली. "पोट धरून हसा. मी फोन ठेवत न्हाय. तुमचं झालं की मी पुन्हा तेच सांगणार हाय."